आधी उझबेक, मग डॅनिश: प्रौढ वयात दोन भाषा शिकताना

डेन्मार्कमध्ये परदेशी प्रौढांसाठी घेतल्या जाणाऱ्या 'प्रोव्हे इ डान्स्क ३' या परीक्षेचे प्रमाणपत्र जानेवारी २०२२ मध्ये माझ्या हाती आले. येथील भारतीय मंडळी या परीक्षेला 'पीडी थ्री' म्हणतात. त्याआधी नोकरीनिमित्त मी ताश्कंदला राहिले होते आणि तेथे बोलण्यावाचण्यापुरती उझबेक भाषा शिकले होते. नोकरी सांभाळून एकापाठोपाठ एक अशा दोन अगदी निराळ्या भाषा शिकल्यामुळे त्यांची तुलना मनात सतत चालू राहिली. मराठी बोलणाऱ्याला यांपैकी कोणती भाषा कुठे अडवते आणि कुठे हात देते, हे मी येथे घडले त्या क्रमाने लिहीत आहे. डॅनिशच्या वर्गातले पहिले काही महिने मला फार एकाकी वाटत असे. आपल्यालाच हे जमत नाही, अशी समजूत करून बसलेल्या कोणाला हा लेख उपयोगी पडावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

औषधनिर्मितीच्या क्षेत्रात गुणवत्तेसंबंधीची कागदपत्रे तयार करणे व तपासणे हे माझे काम. फेब्रुवारी २०१७ मध्ये मी ताश्कंदला पोहोचले, तेव्हा तेथे रशियन चालते असे मला सांगण्यात आले होते आणि कार्यालयापुरते ते खरेही होते. परंतु दुपारी जेवायला बसलेले सहकारी आपापसांत उझबेक बोलत, बाजारात भाव उझबेकमध्ये सांगितला जाई आणि घरमालकीणबाईंना दुसरी भाषा फारशी येत नसे. त्या काळी परदेशी व्यक्तीला राहत्या पत्त्याची नोंदणी करावी लागे, बाहेरगावी हॉटेलात उतरल्यास तेथील नोंदणीची चिठ्ठी जपून ठेवावी लागे, आणि या कामांसाठी प्रत्येक वेळी कोणा सहकाऱ्याला बरोबर नेणे मला संकोचाचे वाटू लागले. म्हणून मी शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकायला जाऊ लागले. त्यांना सगळे 'ऑपा' म्हणजे ताई म्हणत, मीही तसेच म्हणू लागले. वयाने मोठ्या पुरुषाला 'आका', मोठ्या बाईला 'ऑपा' आणि दोघांशीही 'सिझ' म्हणजे 'तुम्ही' लावून बोलायचे, ही रीत मराठी घरात वाढलेल्या माणसाला शिकवावी लागत नाही.

पहिली अडचण लिपीची होती. उझबेक भाषा १९२० च्या दशकापर्यंत अरबी लिपीत, त्यानंतर काही वर्षे लॅटिन लिपीत आणि १९४० पासून सिरिलिक म्हणजे रशियनच्या लिपीत लिहिली गेली. स्वतंत्र उझबेकिस्तानाने २ सप्टेंबर १९९३ रोजी पुन्हा लॅटिन लिपी स्वीकारणारा कायदा केला आणि १९९५ मध्ये त्या वर्णमालेत बदल केले. प्रत्यक्षात मला दोन्ही लिप्या रोज भेटत. भुयारी रेल्वेच्या पाट्या लॅटिनमध्ये, तर ऑपांची जुनी पाठ्यपुस्तके सिरिलिकमध्ये. तरुण सहकाऱ्याचा निरोप लॅटिनमध्ये, तर त्याच्या वडिलांची चिठ्ठी सिरिलिकमध्ये. ताश्कंदला जाणाऱ्यांनी आधी सिरिलिक शिकून घ्यावी, कारण तिचा उपयोग रशियन वाचण्यासाठीही होतो.

खर्चाच्या बाबतीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ऑपांची फी आम्ही सोम या तेथील चलनात ठरवली होती. ५ सप्टेंबर २०१७ रोजी सरकारने चलनाचा अधिकृत दर मोकळा केला आणि एका डॉलरला सुमारे ४,२०० सोम असलेला दर एकदम ८,१०० सोमच्या आसपास गेला. त्यानंतर आम्हाला फी नव्याने बोलून ठरवावी लागली. अशा देशात शिकवणी लावताना रक्कम कोणत्या चलनात आणि किती काळासाठी, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने बोलून घेणे दोघांच्याही सोयीचे असते.

आता भाषेकडे वळते. उझबेक ही तुर्की भाषाकुळातील, उइगुरला जवळची भाषा. मराठीशी तिचे कुळाचे नाते काहीच नाही. फारसी आणि अरबीतून आलेले शब्द मात्र दोन्हीकडे आहेत. बाजार, दुकान, शहर, मैदान, हवा, रंग, जवाब, खबर हे सारे शब्द तेथे थोड्या फरकाने ऐकू येतात, आणि पहिल्या आठवड्यात त्यांचा मोठा आधार वाटतो. त्यांतले काही फसवे आहेत. 'सब्झी' म्हणजे गाजर, 'दाफ्तार' म्हणजे वही आणि 'मेवा' म्हणजे कोणतेही फळ. तरीही खरा आधार मला शब्दांनी दिला नाही, तो दिला वाक्याच्या रचनेने.

क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामाला मागून प्रत्यय लागतात, एवढे कोणत्याही पुस्तकाच्या पहिल्या पानावर असते. त्यापुढे गेल्यावर मी थक्क झाले. 'काल आलेला माणूस' हे उझबेकमध्ये 'केचा केल्गान ऑदाम' होते. 'केचा' म्हणजे काल, 'केल्गान' म्हणजे आलेला, 'ऑदाम' म्हणजे माणूस. 'मी वाचलेले पुस्तक' याला 'मेन ओकिगान कितॉब'. आपण ज्या ठिकाणी 'लेला' वापरतो, तेथे ते 'गान' वापरतात, आणि जो-तो लावून वाक्य फोडण्याची गरज पडत नाही. 'लिहून दिले' याला 'योझिब बेर्दी', 'लिहून घेतले' याला 'योझिब ऑल्दी', 'घेऊन ये' याला 'ऑलिब केल'. येथे 'इब' हा आपला 'ऊन' आहे. दुसऱ्यासाठी केलेल्या कामाला 'देणे' आणि स्वतःसाठी केलेल्या कामाला 'घेणे' जोडण्याची पद्धतही तीच आहे. 'घरातला' मधील 'तला' साठी त्यांच्याकडे 'दागी' हा प्रत्यय आहे, म्हणून 'उय्दागी' म्हणजे घरातला. 'येतो म्हणून सांगितले' या वाक्यातल्या 'म्हणून' चे काम तेथे 'देब' करते, आणि 'देब' ही 'म्हणणे' या धातूचीच रूपसिद्धी आहे. ऐकीव गोष्ट सांगताना आपण 'आला म्हणे' असे म्हणतो, त्यासाठी 'केल्गान एमिश' आहे. स्वतः पाहिलेले आणि कानावर आलेले यांत ही भाषा बारकाईने फरक करते, आणि मराठी कानाला तो फरक लगेच उमगतो.

त्यातच उझबेकमध्ये लिंगभेद नाही. तो, ती, ते या सर्वांसाठी एकच 'उ'. प्रत्यय लागताना मूळ शब्द सहसा बदलत नाही, म्हणजे आपल्याकडे जसे 'घोडा' चे 'घोड्या' होते तसे सामान्यरूप करावे लागत नाही. तुर्कस्तानातील तुर्कीत आधीच्या स्वरानुसार प्रत्ययातला स्वर बदलतो, ती खटपट प्रमाण उझबेकमध्ये उरलेली नाही. घशातून काढायचे काही उच्चार सरावाने जमतात. पाच-सहा महिन्यांत मी मोडकीतोडकी का होईना, पण लांब वाक्ये बोलू लागले, आणि त्यानंतरची प्रगती बहुतेक वाचनातून झाली. ऑपा मला रोज अर्धे पान मोठ्याने वाचायला लावीत आणि प्रत्येक क्रियापदाचे प्रत्यय सुटे करून दाखवायला सांगत. ही सवय मराठी विद्यार्थ्याने जरूर लावून घ्यावी, कारण प्रत्यय ओळखता आले की शब्दकोशाची गरज निम्म्याने कमी होते.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी कोपनहेगनला आले. डॅनिश ही मराठीप्रमाणेच भारत-युरोपीय कुळातील भाषा, त्यामुळे ती दूरची का होईना पण नातेवाईक. लिखित डॅनिश पाहिल्यावर हे नाते दिसतेही: नऊसाठी 'नी', तीनसाठी 'त्रे', नव्यासाठी 'न्यू', आणि नावासाठी जो शब्द आहे तो लिहिताना 'नावन' असा असून उच्चारताना 'नाउन' होतो. व्याकरणही आटोपशीर वाटले. मी, तू, ती, आम्ही यांपैकी कोणीही कर्ता असला तरी क्रियापदाचे रूप तेच राहते. उझबेक जमली तर ही नक्की जमेल, असे सुरुवातीला वाटले होते. प्रत्यक्षात नाते आणि जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

आधी कागदपत्रांविषयी. डेन्मार्कमध्ये राहण्याचा परवाना व पत्ता दाखवून सीपीआर क्रमांक म्हणजे व्यक्तीचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. त्यानंतर पिवळे आरोग्यपत्र टपालाने येते, आणि डॅनिश शिकण्यासाठी 'कोम्यून' म्हणजे नगरपालिका तुम्हाला भाषाशाळेकडे पाठवते. शाळेत आधी एक मुलाखत होते. तुमचे शिक्षण किती झाले आहे आणि तुम्ही कोणत्या भाषा शिकला आहात यावरून तुम्हाला तीन शिक्षणक्रमांपैकी एकात घातले जाते. पदवीधरांना साधारणपणे तिसरा, सर्वांत वेगाने जाणारा शिक्षणक्रम मिळतो. त्यात पीडी थ्रीपर्यंत पाच मॉड्यूल म्हणजे टप्पे असून प्रत्येकाच्या शेवटी चाचणी असते. पदवीच्या प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत बरोबर नेली तर मुलाखत सोपी जाते, आणि इतर भाषा येत असतील तर तेही आवर्जून सांगावे. संध्याकाळच्या वर्गात जागा मिळेपर्यंत मला काही आठवडे थांबावे लागले. नोकरी करणाऱ्यांनी ही शक्यता धरूनच आखणी करावी, कारण शिक्षणाचा हक्क साडेतीन वर्षांचा असून तो पाच वर्षांच्या आत वापरावा लागतो.

नोकरीसाठी आलेल्यांना तेव्हा प्रत्येक मॉड्यूलमागे २,००० क्रोन शुल्क भरावे लागे आणि शिवाय अनामत रक्कम असे. १ जुलै २०२० पासून हे शुल्क रद्द झाले, अनामत मात्र राहिली. चाचणी वेळेत उत्तीर्ण झाल्यास ही अनामत पुढच्या मॉड्यूलसाठी वळती होते किंवा परत मिळते. पावत्या जपून ठेवाव्यात.

ऑक्टोबर २०१९ मध्ये वर्ग सुरू झाला आणि अडचण कानाची आहे हे लगेच कळले. डॅनिशच्या वर्णमालेत २९ अक्षरे आहेत, परंतु उच्चारातले स्वर वीसहून अधिक आहेत आणि त्यांतले फरक फार सूक्ष्म आहेत. शब्दाच्या शेवटची व्यंजने पुष्कळदा गळून पडतात. 'ती' या अर्थाचा शब्द 'हुन', आणि 'कुत्रा' या अर्थाचा शब्दही ऐकायला 'हुन' असाच वाटतो. लिहिताना दुसऱ्याच्या शेवटी 'ड' असतो, पण तो उच्चारला जात नाही. दोघांतला फरक आवाजाच्या एका हिसक्याने होतो. घसा क्षणभर आवळल्यासारखा हा हिसका असतो आणि त्याला 'स्त्योद' म्हणतात. उझबेकमध्ये पाटी वाचली की शब्द बोलता येत असे आणि ऐकला की लिहिता येत असे. येथे वाचलेला मजकूर समजे, पण तोच कोणी बोलून दाखवला तर त्यातला निम्मा शब्दही ओळखू येत नसे. कार्यालयातील बैठकीत सर्वजण सौजन्याने डॅनिशवरून इंग्रजीवर येत, त्याचेही मला ओझे वाटे.

या बाबतीत मराठीनेच मला एक वाट दाखवली, आणि ती वाट मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिली नव्हती. डॅनिशमध्ये 'ब' लिहिलेले अक्षर शब्दाच्या सुरुवातीला बहुतेक आपल्या 'प' सारखे, म्हणजे घोष नसलेले आणि हवेचा झोत नसलेले ऐकू येते. 'प' लिहिलेले अक्षर मात्र 'फळ' मधल्या ओठ मिटून काढलेल्या 'फ' सारखे असते. 'बिल' म्हणजे मोटार आणि 'पिल' म्हणजे बाण. या दोन शब्दांना मी मनात 'पिल' आणि 'फिल' असे लिहिले आणि शिक्षिकेने उच्चार लगेच मान्य केला. त्याचप्रमाणे सुरुवातीचा 'त' हा 'चमचा' मधल्या दंत्य 'च' कडे झुकणारा, थोडा महाप्राण असतो. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद आपण लहानपणीच बाराखडीबरोबर शिकतो. युरोपीय वर्गमित्रांना तो कष्टाने ऐकू येत होता. उरला तो मृदू 'द'. जिभेचे टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवायचे आणि 'द' आणि 'ल' यांच्या मधला आवाज काढायचा. तो आरशासमोर रोज थोडा वेळ म्हणूनच साधतो.

वाक्यरचनेतही गंमत उलटी होती. प्रधान वाक्यात क्रियापद नेहमी दुसऱ्या स्थानी हवे, म्हणून 'आज मी जाते' हे 'आज जाते मी' या क्रमाने म्हणावे लागते. गौण वाक्यात नकार क्रियापदाच्या आधी सरकतो. 'काल आलेला माणूस' म्हणायचे तर आधी माणूस, मग 'जो काल आला'. जे उझबेकमध्ये मराठीतून अलगद उचलून नेता येत होते, ते सारे येथे उलगडून पुन्हा जुळवावे लागले. लिंगे दोन आहेत, सामान्य आणि नपुंसक. आपल्याला तीन लिंगांची सवय असल्याने कल्पना नवी नाही, पण शब्दाच्या रूपावरून लिंग ओळखता येत नाही. निश्चित अर्थाचा प्रत्यय नामाच्या शेवटी लागतो, म्हणून 'हूस' म्हणजे घर आणि 'हूसेद' म्हणजे ते विशिष्ट घर. वहीत प्रत्येक नाम या दुसऱ्या रूपासकट लिहून ठेवावे, म्हणजे लिंग आपोआप लक्षात राहते.

संख्यांविषयी थोडे अधिक लिहिते, कारण दुकानात, डॉक्टरकडे, फोनवर सर्वत्र त्यांच्याशी गाठ पडते. उझबेकमध्ये संख्या अगदी सरळ आहेत: दहा-एक म्हणजे अकरा, वीस-एक म्हणजे एकवीस, आणि नव्याण्णवपर्यंत असेच. डॅनिशमध्ये पन्नासपासून नव्वदपर्यंत विसाचा हिशेब आहे. साठ म्हणजे 'त्रेस', तीन विसा. ऐंशी म्हणजे 'फियर्स', चार विसा. पन्नासचा 'हाल्त्रेस' हा अडीच विसा, सत्तरचा 'हाल्फियर्स' साडेतीन विसा आणि नव्वदचा 'हाल्फेम्स' साडेचार विसा. वर्गातील इतरांना हे अर्धे कोठून आले ते कळेना. मला मात्र आजीच्या पिढीचा विसांनी मोजण्याचा हिशेब आणि आपले अडीच-साडेतीन हे दोन्ही ठाऊक होते. शिवाय त्रेपन्न म्हणताना आपण जसे आधी तीन आणि मग पन्नास म्हणतो, तसेच डेन्मार्कमध्येही आधी एकक येतो. फोन क्रमांक दोन-दोन अंकांच्या गटांत सांगतात, म्हणून हे पाठ असणे फार गरजेचे आहे.

मार्च २०२० मध्ये देश बंद झाला आणि वर्ग संगणकाच्या पडद्यावर गेले. ज्या भाषेत घशाच्या हिसक्याने अर्थ बदलतो, ती भाषा लॅपटॉपच्या ध्वनिक्षेपकातून ऐकणे फार थकवणारे होते, आणि तो काळ माझ्यासाठी सर्वांत निराशेचा होता. तेव्हा मी पद्धत बदलली. वाचन बाजूला ठेवून सार्वजनिक रेडिओच्या छोट्या बातम्या आधी मजकुराशिवाय ऐकायच्या, मग ऐकलेले लिहायचे आणि शेवटी छापील बातमीशी ताडून पाहायचे, असे ठरवले. डॅनिशचा मोठा शब्दकोश महाजालावर मोफत आहे आणि त्यात बहुतेक शब्दांचा उच्चार ऐकता येतो. नवा शब्द आधी तेथे ऐकायचा, मगच वहीत लिहायचा. निर्बंध उठल्यावर ग्रंथालयातील 'स्प्रॉगकॅफे'त म्हणजे डॅनिश बोलण्याच्या सरावासाठी भरणाऱ्या बैठकीत जाऊ लागले. तेथे निवृत्त डॅनिश माणसे मोफत वेळ देतात आणि तुम्ही अडलात तरी इंग्रजीवर येत नाहीत. त्यांच्याशी, आणि कार्यालयात थेट वरिष्ठांशीही, 'दु' म्हणजे 'तू' म्हणून बोलावे लागते. ताश्कंदच्या 'सिझ' नंतर माझी जीभ त्याला बराच काळ तयार होत नव्हती, परंतु येथे तोच आदराचा व्यवहार आहे.

पाचव्या मॉड्यूलमध्ये वर्गापुढे सादरीकरण करायचे होते, तेव्हा मी डॅनिश आणि उझबेक यांची तुलना हाच विषय घेतला. फळ्यावर एकच वाक्य मराठी, उझबेक आणि डॅनिश अशा तीन भाषांत लिहून शब्दांचा क्रम बाणांनी दाखवला. मराठी आणि उझबेकमधले बाण सरळ गेले, डॅनिशकडे जाणारे एकमेकांना छेदून गेले. त्यानंतरची प्रश्नोत्तरे मी टिपणाशिवाय दिली, आणि ही परीक्षा आपण देऊ शकू, असे मला प्रथमच वाटले.

पीडी थ्री वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडावर आणि हिवाळ्याच्या तोंडावर होते. मी हिवाळ्याची निवडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये आकलन आणि लेखन यांची लेखी परीक्षा झाली, डिसेंबरमध्ये तोंडी. लेखनात एखाद्या प्रसंगाला धरून संदेश आणि मत मांडणारा मजकूर लिहावा लागतो, त्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवाव्यात. तोंडी परीक्षेत सादरीकरण आणि संभाषण असते. तेथे पाठ केलेले परिच्छेद लगेच ओळखू येतात, म्हणून आपल्या मुद्द्यांचे फक्त शब्द लिहून न्यावेत. गुण उणे ३ पासून १२ पर्यंतच्या सात पायऱ्यांच्या श्रेणीत देतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी सरासरी ०२ लागते. तोंडीची श्रेणी त्याच दिवशी कळली, लेखीसाठी काही आठवडे थांबावे लागले.

कायमस्वरूपी निवासाच्या अर्जाला पीडी टू ही खालच्या पातळीची परीक्षा पुरते. पीडी थ्री ही चार अतिरिक्त अटींपैकी एक आहे. त्या चारही पूर्ण केल्यास आठऐवजी चार वर्षांनी अर्ज करता येतो. नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे पीडी थ्री लागते, तिच्या जोडीला नागरिकत्वाची वेगळी परीक्षाही असते. हे नियम वारंवार बदलतात, म्हणून अर्जाच्या वेळी अधिकृत संकेतस्थळ पाहूनच निर्णय घ्यावा. प्रमाणपत्र मिळताच त्यावरील नाव पारपत्राशी अक्षरशः जुळते का ते तपासून घ्यावे. वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लावण्याच्या आपल्या पद्धतीमुळे यात तफावत राहू शकते, आणि भाषाशाळेकडून दुरुस्ती लगेच करून घेणे हे अर्ज अडल्यावर धावपळ करण्यापेक्षा सोपे असते.